आधी कोण गेलं, हो?

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर कुठे बोलू नका. ज्या पोकेमॉनला आपण पोराबाळांचं गोड कार्टून समजत होतो, मैत्री काय, माया काय, गालांवर लाल टिकल्या लावलेला तो पिवळा पिकाचू काय, त्याच्या आतल्या गोटात काय चालतं ते कळलं तर तोंडात बोटं घालाल. तिथे प्रत्येक जण सहा-सहा प्राण्यांची फौज बांधतो. इथवर ठीक आहे, हौसेला मोल नसतं. पण त्या सहांतून मैदानात पहिलं कोणी उतरायचं, या एका प्रश्नावरून चांगली शिकलीसवरलेली, पगारदार, दाढीमिशा आलेली माणसं रात्र रात्र जागून भांडतायत. आणि जो पहिला उतरतो त्याची पुढे काय गत होते, ते तर विचारूच नका. बरं, विचाराच. नाहीतरी माझ्या पोटात राहणार नाही.

आधी एक खुलासा. ‘पहिला पोकेमॉन’ म्हटलं की लोकांना चार्मँडर, स्क्वर्टल आणि बल्बासॉर आठवतात. गोष्टीच्या सुरुवातीला एक प्रोफेसर तीन गोळे पुढे करतात आणि पोरगं एक उचलतं, ते. तो प्रश्न बाळबोध. मी सांगतेय ती भानगड दोन माणसांच्या समोरासमोरच्या लढतीतली. दोघांकडे सहा-सहा, मैदानात एका वेळी एकेकच, बाकीचे मागे. जो सर्वांत आधी उतरतो तो ‘लीड’. सलामीवीरच म्हणा, फरक इतकाच की क्रिकेटमध्ये सलामीवीराने टिकावं अशी घरच्यांची इच्छा असते.

मुळात सगळं किती सोज्वळ होतं बघा. 27 फेब्रुवारी 1996 ला जपानात गेम बॉयवर ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ असे दोन खेळ आले. सातोशी ताजिरी या गृहस्थांना लहानपणी किडे पकडायचा नाद, त्यातून ही कल्पना निघाली. तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही, तर दोन यंत्रं केबलने जोडावीत आणि अदलाबदल करावी. त्याच केबलवरून लढायचीही सोय होती. पोरांनी अदलाबदल चार दिवस केली असेल नसेल, लढाई मात्र अजून संपलेली नाही.

त्या काळात केबल जोडली तरी समोरच्याच्या पोतडीत काय आहे हे दिसत नसे. दोघांनीही डोळे मिटून एकेक पुढे ढकलायचा. आता अशा अंधारात माणूस काय करतो? समोर कोणीही येवो, त्याला निजवूनच टाकू, असं ठरवतो! पहिल्या पिढीचा तो जुना खेळ आजही हट्टाने खेळणारी मंडळी आहेत, त्यांना जिंक्सबद्दल विचारा. जिंक्स म्हणजे लांब सोनेरी केस, लाल झगा, भलेमोठे ओठ. आल्या आल्या बाई काय करतात, तर ‘लव्हली किस’. ओळख ना देख. शंभरातल्या पंचाहत्तर वेळा हे चुंबन लागतं आणि समोरचा गाढ झोपतो. किती वेळ? एकपासून सात पाळ्यांपर्यंत कितीही. बरं, त्या पिढीत जाग आली तरी ती अख्खी पाळी डोळे चोळण्यात जाते. काही करता येत नाही. उठेउठेपर्यंत कोणीतरी येऊन त्याला आडवा करून गेलेलं असतं. शेवटी मंडळींना आपसांत नियम करावा लागला की समोरच्याचा एका वेळी एकच झोपवायचा, सगळी फौज नाही. असला नियम लेखी करावा लागतो, म्हणजे त्याआधी काय थैमान चाललं असेल ते तुमचं तुम्ही समजा.

आणि मग त्यावर चर्चा तरी किती बारीक! जिंक्सचा मूळ वेग 95. गेंगारचा 110. म्हणजे गेंगार तिच्या आधी हात उचलतो, पण त्याचं संमोहन शंभरात साठदाच लागतं. आता सावकाश पण भरवशाची बाई बरी, की चपळ पण नेम चुकणारं भूत बरं? घ्या, यावर संध्याकाळ घालवा. एक्झेग्युटर म्हणून तीन तोंडांचं चालतंबोलतं नारळाचं झाड आहे, ते झोपेची पूड उधळतं, पण त्याचा वेग 55. म्हणजे पूड काढेपर्यंत स्वतःच निजायचं. उलट 120 वेगाचा अलाकझॅम हातात दोन चमचे घेऊन येतो आणि जिंक्सने ओठ पुढे करायच्या आत तिला विजेचा झटका देऊन लकवा आणतो. लकवा आला की वेग पावपट, शिवाय चारातून एकदा अंग हलतच नाही. तरी उरलेल्या तीन वेळा बाई तशाच थरथरत पुढे होतात आणि मुका घ्यायचा प्रयत्न करतातच. चिकाटी म्हणावी ती ही.

यातली सगळ्यांत निर्लज्ज गोष्ट अजून सांगितलीच नाही. समोरून झोप येणार हे गृहीत धरून काही जण असा प्राणी पहिला पाठवतात, जो झोपला तरी आपलं फारसं बिघडत नाही. ज्याच्यावाचून चालेल असा बघून त्याला पुढे करायचं. घरात सहाजण असतील तर त्यांतला नावडता कोण हे असं चारचौघांत जाहीर होतं.

पण हे सगळं किरकोळ वाटावं असा काळ पुढे आला. 2006 मध्ये निन्टेन्डो डीएसवर ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ आले, चौथी पिढी. आणि त्यांच्याबरोबर आली ‘स्टेल्थ रॉक’ नावाची चाल. करायचं इतकंच, समोरच्याच्या अंगणात टोकदार दगड तरंगत सोडून द्यायचे. एकदा सोडले की कोणी झाडून काढेपर्यंत ते तिथेच. पुढे त्याचा जो कोणी मैदानात येईल त्याला टोचणार. साध्या प्राण्याचं एक अष्टमांश रक्त जातं. पण ज्याला दगड बाधतो त्याचं काय? आपला चारिझार्ड, ज्याचं कार्ड शाळेत मिळालं की पोरं वर्गभर मिरवायची, तो आगीचाही आणि पंखांचाही. म्हणजे दगडाचं वावडं दोन्ही बाजूंनी. तो नुसता दारातून आत आला की निम्मा संपतो. कोणी हात लावलेला नाही, एक चाल झालेली नाही, महाराज निम्मे! इतकी वर्षं ज्याला डोक्यावर घेतलं, त्याला घरातून बाहेर पाऊल टाकायची चोरी झाली.

साहजिकच, जो आधी दगड टाकेल तो शहाणा. आणि दगड टाकायला पहिली पाळी सोडून दुसरा मुहूर्त कोणता? झालं. लीडचं सगळं चारित्र्यच बदललं. आता पहिला जायचा तो लढायला जाईनासा झाला. यायचं, समोरच्याला ‘टॉन्ट’ मारून डिवचायचं म्हणजे तो चिडून नुसता हाणामारीच करतो आणि त्याला दगड टाकायचं सुचत नाही, आपले दगड टाकायचे आणि मग अंगाला स्फोट करून जाताजाता समोरच्यालाही घेऊन जायचं. त्या पिढीत ‘एक्स्प्लोजन’ची ताकद 250, वर समोरच्याचा बचाव हिशेबात निम्मा धरायचा. म्हणजे पाचशेच म्हणा ना. असल्या लीडला मंडळी उघडउघड ‘सुसाइड लीड’ म्हणतात. मुलांच्या खेळात!

आणि या कामाला जुंपला कोणाला, तर अझेल्फला. हा कोण आहे माहीत आहे? खेळातल्या कथेप्रमाणे इच्छाशक्तीचं दैवत. सिनो प्रांतातल्या एका तळ्यात एकटाच राहतो, जगात दुसरा नाही. निळं डोकं, दोन शेपट्या, कपाळावर लाल मणी. असं देवमाणूस शोधायचं, मिनतवारीने पकडायचं, त्याला नेमका हवा तो स्वभाव मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा तोच डाव चालू करायचा, आणि मग त्याच्या कमरेला ‘फोकस सॅश’ बांधून पहिल्याच पाळीत पाठवायचा फुटायला. सॅश म्हणजे असा पट्टा, की अंगावर एकही ओरखडा नसताना कितीही मोठा घाव बसला तरी एका थेंबावर जीव राहतो. पट्टा बांधायचा तो जीव वाचावा म्हणून नव्हे, दगड टाकून होईपर्यंत त्याने मरू नये म्हणून. इतकी काळजी घेणारी माणसं!

दुसऱ्या बाजूलाही काही संतमंडळी बसलेली नव्हती. ‘अँटी-लीड’ ही जात त्याच काळात बोकाळली, म्हणजे ज्याचं आयुष्यातलं एकमेव काम समोरच्या लीडचा खेळखंडोबा करणं. मेटाग्रॉस हा चार पायांचा पोलादी हिशेबनीस आल्या आल्या ‘बुलेट पंच’ मारायचा, जो वेग कितीही असला तरी आधी लागतो. एरोडॅक्टिलचा 130 वेग, मैदानात चपळ म्हणून मिरवायचा, तो या ठोशापुढे हात चोळत बसायचा. आणि मचॅम्प! चार हात, कमरेला पहिलवानाचा पट्टा. त्याचा ‘डायनॅमिक पंच’ एरवी शंभरात पन्नासदा चुकतो. पण याचा गुणच असा की त्याच्यासमोर कोणाचाच नेम चुकत नाही, ना त्याचा ना समोरच्याचा. आणि ठोसा लागला की समोरचा हमखास भ्रमिष्ट होतो, निम्म्या वेळा स्वतःलाच थोबाडीत मारून घेतो.

मचॅम्प आणि अझेल्फ समोरासमोर आले की काय व्हायचं ते जरा जवळून बघा. अझेल्फचा वेग 115, मचॅम्पचा 55, म्हणजे पहिला हात अझेल्फचा. त्याने दगड सोडले. मग मचॅम्पचा ठोसा. अझेल्फ मनःशक्तीचा म्हणून ठोशाचा मार निम्माच, पण डोकं गरगरलं ते गरगरलंच. आता दुसरी पाळी. अझेल्फला फुटायचंय, ठरल्याप्रमाणे. आणि तो फुटणार की स्वतःच्या कपाळावर हात मारून घेणार हे निम्मं निम्मं. लांब कुठेतरी दोन माणसं रात्री दोन वाजता श्वास रोखून बसलेली आहेत आणि त्यांतल्या एकाची प्रार्थना काय आहे, तर ‘देवा, माझा वेळेवर फुटू दे.’ झोपवणारा कोणी समोर आला तरी मचॅम्पला फिकीर नाही, तोंडात ‘लम बेरी’ धरून आलेला असतो, झोप आली की फळ चावतो आणि जागा. सगळी तयारी करून आलेला पाहुणा आहे हा.

जिराचीचं तर मला फार वाईट वाटलं. सिनेमात इच्छा पूर्ण करणारं गोंडस बाळ, हजार वर्षांतून एकदा जागं होणारं. इथे त्याला काय शिकवलं? लोखंडी डोक्याने ढुशी मारायची आणि दर पाच वेळांतून तीनदा समोरच्याला दचकवायचं. दचकला की त्याची पाळी फुकट. पुन्हा ढुशी, पुन्हा दचक. शिवाय गळ्यात एक ‘चॉइस स्कार्फ’ घेऊन यायचं, ज्याने वेग दीडपट होतो पण एकच चाल पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि ‘ट्रिक’ करून तो मफलर हळूच समोरच्याच्या गळ्यात घालायचा. बिचारा दगड टाकायला आलेला असतो, तो आता निघून जाईपर्यंत दगडच टाकत बसतो. इच्छापूर्ती म्हणे!

स्मीअर्गलविषयी जास्त बोलत नाही. शेपटीच्या कुंचल्याने चित्रं काढणारं कुत्रं, स्वतःचं काही नाही, सगळ्यांच्या चाली उचलायच्या. त्यातही उचलली कोणती, तर शंभरात शंभर वेळा झोप आणणारी ‘स्पोअर’. चव असते एकेकाला.

हे सगळं हिशेबाने चालायचं बरं का. 2004 पासून स्मोगॉन नावाची हौशी खेळाडूंची एक जमात या खेळाची न्यायपंचायत होऊन बसलेली आहे. कोणता प्राणी किती वापरला गेला, याची ती महिन्याच्या महिन्याला मोजदाद करते. चौथ्या पिढीत लीडची यादी वेगळी लागायची! लग्नात जेवणाच्या पंगतीचा मान वेगळा आणि दारातल्या स्वागताचा मान वेगळा असावा, तसं. यादीत अझेल्फ वर चढला की पुढच्या महिन्यात त्याला पाडणारे वर चढणार, मग त्या पाडणाऱ्यांना पाडणारे. ज्याला सगळे ओळखून बसलेत असा लीड आणणं म्हणजे फजिती, आणि कोणालाच ठाऊक नसलेला आणणं म्हणजे अतिशहाणपणा. या दोहोंमधली वाट शोधण्यात एकेकाने आपली पदवीची वर्षं घालवली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर हा काळ सगळ्यांत चविष्ट. कारण तेव्हा पहिला जाणाऱ्याचं कौतुक तो किती टिकला यावर नसायचं, मागे काय ठेवून गेला यावर असायचं. ज्या खेळातून मैत्रीचे धडे देणारं कार्टून निघालं त्याच खेळात, सहांतला कोणता आधी खर्ची घालायचा हा सर्वांत मानाचा निर्णय ठरावा! आणि त्या पहिल्या बळीबद्दल मालकाच्या चेहऱ्यावर दुःख तर सोडाच, ‘दगड पडले ना? मग झालं तर’ असा तृप्त भाव. त्या कार्टूनचा नायक ॲश केचम याने बघितलं असतं तर टोपी उलटी फिरवून रडला असता.

मग 18 सप्टेंबर 2010 ला जपानात ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ आले आणि कोणाच्या तरी मनात आलं की पुरे झाला हा अंधार. लढतीआधी दोघांनाही एकमेकांचे सहाच्या सहा दिसणार. बघा, विचार करा, मग ठरवा कोण पहिला. झाली ना पंचाईत! ‘लीड मेला’ म्हणून जुन्या मंडळींनी सुतक पाळलं. समोर मचॅम्प दिसतोय तर अझेल्फ कोण वेडा पाठवेल? पण अझेल्फ येणार नाही हे त्यालाही कळतंय, मग तो मचॅम्प कशाला आणेल? मग अझेल्फच आणावा की काय? म्हणजे आधी एकाच अंधारात चाचपडत होते, आता दोघांचा मिळून दुप्पट. उजेड केल्याचा फायदा हा.

आणि खोडी तर बघा त्या करणाऱ्यांची. ज्या पिढीत सगळ्यांचे पत्ते उघडे केले, त्याच पिढीत झोरोआर्क आणला. हा अस्सल बहुरूपी. मैदानात उतरतो तो आपल्या फौजेतल्या शेवटच्या गड्याचा चेहरा लावून. तुम्ही म्हणता आला वाटतं अमका, त्याला चालेल असा घाव घालता, आणि घाव लागला की मुखवटा गळून आतून कोल्हा निघतो. ज्याला ठोसा मारलात त्याला ठोसा लागायचाच नव्हता, असंही होतं, कारण मुखवटा भुताचा होता की आत भलताच होता हे घाव घातल्याशिवाय कळत नाही. एकीकडे पारदर्शक कारभार आणि दुसरीकडे वेषांतराचा परवाना. असली धोरणं आपल्याला नवी नाहीत म्हणा.

लीड मेलाबिला काही नाही हे पुढे दिसलंच. सहाव्या पिढीत ‘स्टिकी वेब’ आलं, समोरच्याच्या अंगणात चिकट जाळं, पाय पडला की वेग एक पायरी खाली. हे टाकायला कोण? शकल! एका भांड्यात राहणारा, पिवळ्या सोंडेसारखी मान बाहेर काढणारा किडा. बचाव 230, दुसरा बचावही 230, आणि वेग 5. पाच हो, पाच. सगळ्यांत शेवटी हलणारा प्राणी सगळ्यांत आधी पाठवायचा, कारण त्याला पहिल्या घावात मारणं जमतच नाही. मरेपर्यंत मारा, तोवर त्याचं जाळं टाकून झालेलं असतं. याउलट डीऑक्सिसचा एक अवतार, वेग 180. हा इतक्या निर्विघ्नपणे दगड-काटे अंथरून जायला लागला की स्मोगॉनच्या पंचायतीने त्याला त्या पिढीच्या मुख्य पंगतीतून उठवलं. वाढपी फार झपाझप वाढतो म्हणून हाकलला, असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

सध्याच्या नवव्या पिढीत (‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’, नोव्हेंबर 2022) बोलबाला आहे ग्लिमोराचा. उमललेल्या स्फटिकाच्या फुलासारखी दिसते, अंगात विष. हिला हाताने मारलं की अंगातून विषारी काटे सांडतात, ते नेमके मारणाऱ्याच्याच अंगणात. म्हणजे मारावं तर काटे आणि न मारावं तर ती दगड टाकणार. बरं, नंतर झाडलोट करायला ‘डिफॉग’ मारावं तर मागे गोल्डेंगो उभा. सोन्याच्या नाण्यांचा शेवयांसारखा माणूस, 999 नाणी गोळा केल्याशिवाय हा घडतच नाही. त्याच्यावर असल्या चालींचा परिणामच होत नाही, आणि भूत असल्यामुळे गरगर फिरून केर काढणारेही त्याच्यातून आरपार जातात. एकीने घाण करायची आणि दुसऱ्याने झाडू धरायचा नाही. संगनमत म्हणतात ते हेच.

आणि संगनमताचा विषय निघालाच आहे तर खरी मजा दुहेरीत आहे. कंपनीच्या अधिकृत जागतिक स्पर्धेत एकेकटं कोणी उतरत नाही, दोघं दोघं उतरतात. सहांतले चारच न्यायचे, त्यांतले दोन पहिले. म्हणजे आता प्रश्न नुसता कोण पहिला हा राहत नाही, कोण कोणाबरोबर हा होतो. आणि हा प्रश्न आला की मग काय सांगू!

इन्सिनरोर घ्या. पोट सुटलेला, कमरेभोवती जाळाचा पट्टा बांधलेला वाघासारखा पहिलवान, 2016 पासून आहे, आणि ज्या ज्या वर्षी नियमांनी त्याला आत घेतलं त्या त्या वर्षी हा कोणाच्या ना कोणाच्या शेजारी उभाच. आला की नुसत्या धाकाने समोरच्या दोघांची मारायची ताकद उतरवतो. मग ‘फेक आउट’, म्हणजे तोंडासमोर टाळी वाजवून एकाला दचकवणे, तेही फक्त उतरल्या उतरल्या पहिल्या पाळीत. तो दचकला की शेजारच्याला आपलं काम निवांत उरकता येतं. शेजारी आज एक, उद्या दुसरा. याचं कोणाशीच जमत नाही असं नाही. पण ज्यांना धाक दाखवला की उलटा माज चढतो असे गडीही आहेत. किंगँबिटसमोर धाक दाखवायला गेलं की त्याची ताकद उतरण्याऐवजी चढते. मग मागे बसलेल्याने डोक्याला हात लावायचा.

व्हिम्सिकॉट, कापसाच्या बोंडाएवढा जीव, येतो आणि सगळ्यांआधी वारा सोडून आपल्या बाजूचा वेग चार पाळ्यांसाठी दुप्पट करतो. त्याच्यासमोर कोणी ‘ट्रिक रूम’ लावली की पाच पाळ्या जगच उलटं, जो सर्वांत मंद तो सर्वांत आधी. म्हणजे ज्या वेगासाठी जिवाचं रान केलं, तोच गळ्यात धोंडा. आणि डोंडोझो-टात्सुगिरी या जोडीबद्दल तर मी मुलांसमोर बोलणार नव्हते. एक अवाढव्य मासा आणि एक सुशीच्या तुकड्यासारखं दिसणारं पोरगं. दोघं एकत्र उतरले की पोरगं तडक माशाच्या तोंडात जाऊन बसतं! खात नाही, घाबरू नका. तिथून ते हुकूम सोडतं आणि माशाची पाचही अंगं दोन-दोन पायऱ्या वर. तोंडात बसून घर चालवणारे आपण पाहिलेत, पण इतकं उघड?

माझा भाचा या व्यसनात आकंठ आहे. शोडाउन म्हणून आहे, ब्राउझरमध्ये फुकट चालतं, फौज बांधायला प्राणी पकडत बसावे लागत नाहीत, नुसती नावं भरायची. परवा मी त्याच्या खोलीत चहा घेऊन गेले. पडद्यावर समोरच्याचे सहा मांडलेले, खाली घड्याळ उलटं चाललेलं.

“अरे चहा घे, निवतोय.”

“मावशी, नव्वद सेकंद आहेत. बोलू नकोस ना.”

“कसले?”

“लीड ठरवायचे. त्याच्याकडे फारिगिराफ आहे. तो असला की फेक आउट चालत नाही. म्हणजे मी इन्सिनरोर नाही नेणार असं त्याला वाटणार. म्हणजे तो फारिगिराफ नाही आणणार.”

“मग इन्सिनरोर ने.”

“पण त्याला हेही कळतं ना, मावशी!”

बारा सेकंद उरले तेव्हा त्याने इन्सिनरोर नेला. समोरून फारिगिराफ आला. चहावर साय धरली होती.

आणि आता तर अधिकृत स्पर्धांत लपवायलाही फारसं काही ठेवलेलं नाही. कोणाच्या हातात कोणती वस्तू, कोणत्या चार चाली, सगळं कागदावर लिहून एकमेकांना द्यायचं. तरीही भांडण तेच, पहिले दोन कोण. 2014 मध्ये वॉशिंग्टनला दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने जागतिक विजेतेपद घेतलं ते पाचिरिसू बरोबर घेऊन. पाचिरिसू म्हणजे निळे पट्टे असलेली पांढरी खारूताई, जिला कोणी दारात उभं करत नव्हतं. ती पुढे उभी राहून ‘मला मारा, मला मारा’ करत सगळे घाव अंगावर घेत राहिली, हायड्रेगॉन या तीनतोंडी ड्रॅगनचा ‘ड्रॅको मीटिअर’सुद्धा झेलून उभी राहिली, आणि प्रेक्षक उठून ओरडायला लागले. तेव्हापासून दर स्पर्धेत कोणी ना कोणी आपल्या आवडत्या गबाळ्या प्राण्याला घेऊन येतं, सेजुनने केलं तर मी का नको म्हणून. बहुतेकांचं पहिल्याच फेरीत उरकतं.

2023 मध्ये योकोहामाला काही जणांचे प्राणी बनावट निघाले आणि त्यांना स्पर्धेतून काढलं. खरं लफडं ते. पण त्याची चर्चा चार दिवसांत विरली, लीडची चालूच. ज्याचं त्याला पडलेलं असतं.

स्पर्धेत तीनांपैकी दोन डाव जिंकायचे असतात, आणि तिथे तर डोक्याचा पार भुगा. पहिला डाव जिंकलात. आता तीच जोडी पुन्हा पाठवायची का? समोरच्याने ती बघितलीय, तो तिच्यावर उतारा आणणार. म्हणून बदलावी. पण बदलणार हे त्याला ठाऊक, म्हणून तो उतारा आणणार नाही. म्हणून तीच ठेवावी. भाच्याने गेल्या आठवड्यात अशी तिसऱ्या डावापर्यंत लढत नेली आणि एवढा खल करून दोघांनीही पाठवला कोण? इन्सिनरोर. दोन ढेरपोटे वाघ समोरासमोर, दोघांनाही टाळी वाजवायची. कोण आधी? तर ज्याचा वेग जास्त तो, आणि दोघांचा वेग सारखा असला तर यंत्र आतल्या आत नाणं उडवतं.

“म्हणजे एवढा विचार करून शेवटी छापा-काटा?” मी म्हटलं.

“छे! म्हणून तर मी वेगात एक पॉइंट जास्त टाकलाय.”

“मग समोरच्याने दोन टाकले असले तर?”

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्याच्या जिव्हारी घाव घातला. मग तो तीन टाकायला गेला. मला नंतर कळलं की दुसरा एक मोठा पंथ असा आहे, जो म्हणतो इन्सिनरोर मुद्दाम मंद ठेवावा, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी मागे सरकता येतं आणि त्याच्या जागी येणारा सुखरूप उतरतो. त्या पंथातल्या मित्राचं नाव आमच्याकडे सध्या काढायचं नाही.